ताऱ्याची साक्ष, रात्रीचा पहारा

कृष्णविवर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते: अंतराळात एक अजस्र तोंड आ वासून बसले आहे आणि आसपासचे सगळे ओढून गिळते आहे. या चित्राला आकाशात आधार नाही. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी सुमारे ४३ लाख सूर्यांच्या वजनाचे कृष्णविवर आहे. एस-२ नावाचा एक तारा दर १६ वर्षांनी त्याला एक फेरी घालतो. मे २०१८ मध्ये तो विवराच्या सर्वांत जवळून, म्हणजे सुमारे १८०० कोटी किलोमीटरवरून गेला. तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरच्या वर होता. त्याला काहीही झाले नाही. वळसा घालून तो आपल्या वाटेने निघून गेला. दुरून जाणाऱ्याच्या लेखी कृष्णविवर ही फक्त एक जड वस्तू असते. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आणून ठेवले, तर पृथ्वी गोठून जाईल, पण तिची कक्षा तसूभरही हलणार नाही.

मग धोका सुरू कुठे होतो? कोकण किनाऱ्यावरच्या माणसाला या प्रश्नाचे अर्धे उत्तर रोज दिसत असते. पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीच्या जवळजवळ पावणेदोनशे पट आहे. तरीही समुद्राला भरती येते ती मुख्यतः चंद्रामुळे. सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. कारण भरती ओढीवर अवलंबून नसते, ओढीतल्या फरकावर असते. चंद्र जवळ असल्यामुळे त्याच्या बाजूच्या समुद्राला तो जरा जास्त ओढतो आणि पलीकडच्या समुद्राला जरा कमी. सूर्य इतका लांब आहे की पृथ्वीच्या दोन्ही बाजू त्याला जवळपास सारख्याच.

हाच फरक कृष्णविवराजवळ ताऱ्याच्या जिवावर उठतो. तारा म्हणजे तापलेल्या वायूचा गोळा. त्याला बांधून ठेवते ते त्याचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण. विवराकडच्या बाजूवरची ओढ आणि पलीकडच्या बाजूवरची ओढ यांतला फरक या बांधणीपेक्षा वरचढ झाला, की तारा तुटतो. एदुआर रोश या फ्रेंच गणितज्ञाने १८४८ मध्ये ग्रहांच्या उपग्रहांसाठी हा हिशेब मांडला होता. त्याचा प्रत्यय आपल्या पिढीने घेतला आहे. १९९२ मध्ये शूमेकर-लेव्ही हा धूमकेतू गुरूच्या फार जवळून गेला आणि त्याचे तुकडे झाले. जुलै १९९४ मध्ये ते तुकडे एकामागून एक गुरूवर आदळले. ताऱ्याच्या बाबतीत नियम तोच, आकडे मात्र दडपून टाकणारे.

समजा विवर १० लाख सूर्यांच्या वजनाचे आहे. सूर्यासारख्या ताऱ्यासाठी फाटण्याची हद्द त्याच्यापासून सुमारे ७ कोटी किलोमीटरवर येते. बुध सूर्यापासून आहे त्यापेक्षा थोडे अधिक अंतर. ज्या सीमेतून प्रकाशही परत येत नाही, ती मात्र अवघी ३० लाख किलोमीटरवर असते. म्हणजे तारा फाटतो तो विवराच्या तोंडात नव्हे, तोंडापासून पुष्कळ अलीकडे, उघड्यावर. या लेखातला पुढचा सगळा युक्तिवाद याच एका गोष्टीवर उभा आहे.

दीर्घिकांच्या गाभ्यात ताऱ्यांची दाटी असते. एकमेकांच्या ओढीने त्यांच्या कक्षा थोड्या थोड्या सरकत राहतात. असे होता होता एखाद्या ताऱ्याची कक्षा इतकी लांबट होते की तो थेट विवराच्या रोखाने निघतो. हद्दीपाशी पोहोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ६० हजार किलोमीटर, प्रकाशाच्या वेगाच्या एक पंचमांश, झालेला असतो. पुढचे सगळे काम तासाभराचे. तारा विवराच्या दिशेने ताणला जातो आणि त्याच वेळी वरून-खालून दाबला जाऊन चपटा होतो. आतली अणुभट्टी अब्जावधी वर्षे ज्या समतोलावर चालली होती, तो समतोल काही मिनिटांत मोडतो. गोळा उरत नाही. शेवईसारखी एक लांबच लांब धार उरते. तिचे एक टोक विवराकडे झुकलेले असते आणि दुसरे मोकळ्या आकाशाकडे.

या धारेचे काय होते, याचा हिशेब केंब्रिजच्या मार्टिन रीस यांनी १९८८ मध्ये मांडला. फाटताना ताऱ्याची विवराकडची बाजू ऊर्जेच्या हिशेबात तोट्यात जाते आणि पलीकडची नफ्यात. नफ्यातला निम्मा ऐवज सेकंदाला हजारो किलोमीटरच्या वेगाने बाहेर फेकला जातो आणि पुन्हा कधीच परतत नाही. तोट्यातला निम्मा विवराला बांधला जातो. तोही लगेच आत पडत नाही. लांबट कक्षेत दूरवर जाऊन तो परत फिरतो आणि त्याचा पहिला हप्ता साधारण ४० दिवसांनी विवरापाशी येतो. त्यानंतर ओघ ठरलेल्या गतीने आटत जातो: काळ आठपट झाला की ओघ बत्तीस पटींनी घटतो. परतणारी धार विवराजवळच्या वक्र अवकाशात अशी वळते की तिची तिच्याशीच टक्कर होते. वायू तापतो, विवराभोवती चकती धरू लागते, आणि कालपर्यंत निपचित असलेला दीर्घिकेचा गाभा काही आठवडे ते काही महिने अख्ख्या दीर्घिकेच्या तोडीने उजळतो. त्यातलेही सगळे विवराच्या पोटात जात नाही. प्रारणाचा दाब बराचसा वायू पुन्हा बाहेर ढकलून देतो. आ वासलेल्या तोंडाच्या वाट्याला येतो तो ताऱ्याचा लहानसा हिस्सा.

विवर जितके मोठे तितका तारा भयंकर रीतीने फाटणार, असे आपण सहज धरून चालतो. घडते उलटेच. विवराचे वजन वाढले की त्याची न परतीची सीमा त्याच प्रमाणात वाढते. फाटण्याची हद्द मात्र वजनाच्या घनमुळाने, म्हणजे फार सावकाश, सरकते. सुमारे १० कोटी सूर्यांच्या वजनाला या दोन सीमा एकमेकींना गाठतात. त्यापुढे सूर्यासारखा तारा फाटायच्या आतच सीमेपार झालेला असतो. एप्रिल २०१९ मध्ये ज्याची छाया जगाने पहिल्यांदा पाहिली, ते एम-८७ दीर्घिकेतले विवर सुमारे ६५० कोटी सूर्यांचे आहे. तिथे गेलेला सूर्य अखंड आत जाईल आणि बाहेर कणभर उजेड येणार नाही. ताऱ्याच्या जातीवरही पुष्कळ काही ठरते. पृथ्वीएवढ्या आकारात सूर्याएवढे वजन कोंबलेला श्वेतबटू १० लाख सूर्यांच्या विवरातही न फाटता गडप होतो. फुगलेला तांबडा राक्षसी तारा आपला सैल बाहेरचा थर गमावतो आणि घट्ट गाभा घेऊन पुढे निघतो. काही तारे तर हप्त्याहप्त्याने सोलले जातात. एका दीर्घिकेचा गाभा दर ११४ दिवसांनी उजळतो, आणि तिथे एकच तारा प्रत्येक फेरीत थोडा थोडा ओरबाडला जात असावा असे मानले जाते.

यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. विश्वातली बहुतेक मोठी कृष्णविवरे उपाशी आहेत. त्यांच्याभोवती वायू नाही, चकती नाही, प्रकाश नाही. जवळच्या दीर्घिकांत ताऱ्यांच्या हालचालींवरून त्यांचे वजन काढता येते. दूरच्या दीर्घिकांत तोही मार्ग बंद. अशा विवराच्या अस्तित्वाची साक्ष एकच जण देऊ शकतो: हद्दीच्या आत आलेला तारा. तोही विवर बेताचे असेल तरच, कारण फार मोठे विवर साक्षीदारासकट पुरावा गिळून टाकते. साक्ष दिली जाते ती एकदाच, काही महिने, आणि ती ऐकायला त्या काळात कुणी जागे नसेल तर ती कायमची वाया जाते. म्हणून माझे म्हणणे असे की, या विषयातले मूळ विज्ञान समीकरणाइतकेच पहाऱ्याचे आहे. आणि पहारा ही गोष्ट समाज म्हणून आपण सर्वांत कमी लेखतो.

हे नुसते बोलणे नाही, इतिहास तसा आहे. तारा फाटण्याची कल्पना जॅक हिल्स यांनी १९७५ मध्ये मांडली, ती क्वेसार या दीर्घिकांच्या अतितेजस्वी गाभ्यांना ऊर्जा कुठून मिळते या प्रश्नाच्या उत्तरादाखल. रीस यांनी ती झोपलेली विवरे शोधण्याचे साधन म्हणून वळवली. पण एका दीर्घिकेत अशी घटना दहा हजार ते एक लाख वर्षांतून एकदा घडते. एका दीर्घिकेकडे डोळे लावून बसणाऱ्याच्या कित्येक पिढ्या संपतील. एक कोटी दीर्घिकांवर नजर ठेवली, तर मात्र तीच घटना वर्षाला शंभर ते हजार वेळा दिसायला हवी. दुर्मिळतेवर उपाय आहे तो संख्येचा, आणि संख्येला लागते अखंड नजर. ती नव्हती तेव्हा काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. जर्मनीच्या रोसॅट उपग्रहाने १९९० मध्ये सगळे आकाश क्ष-किरणांत पाहिले. त्यात एनजीसी ५९०५ या दीर्घिकेच्या गाभ्याची झळाळी टिपली गेली होती. पुढच्या निरीक्षणांशी ताडून तिच्यावरचा शोधनिबंध आला १९९६ मध्ये. तोवर तारा, धार, चकती, सगळे विझून गेले होते. साक्ष नोंदली गेली, पण उलटतपासणी राहून गेली.

ही उणीव ज्या प्रकल्पांनी भरून काढली, त्यांचा हुबळीशी संबंध आहे. अमेरिकेतल्या पालोमारच्या डोंगरावर २००९ मध्ये सुरू झालेला पालोमार ट्रान्झियंट फॅक्टरी आणि त्याचाच २०१८ पासून चाललेला वारस, झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी किंवा झेडटीएफ, हे दोन्ही कॅलटेकच्या श्रीनिवास कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. कुलकर्णी यांचा जन्म १९५६चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. वडील हुबळीत शल्यविशारद. त्यामुळे बालपण आणि शाळा हुबळीची. सुधा मूर्ती या त्यांच्या थोरल्या भगिनी. दिल्लीच्या आयआयटीतून ते बर्कलीला गेले. तिथे विद्यार्थी असतानाच, १९८२ मध्ये, सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा पहिला मिलिसेकंद पल्सार शोधणाऱ्या गटात ते होते. पुढे १९९५ मध्ये तपकिरी बटू ताऱ्याचा पहिला निर्विवाद पुरावा आणि १९९७ मध्ये गॅमा किरणांचे स्फोट आकाशगंगेच्या बाहेरून येतात हे सिद्ध करणारे मोजमाप, या दोन्हींत त्यांचा वाटा होता. २०२४ मध्ये त्यांना खगोलशास्त्राचे शॉ पारितोषिक मिळाले.

हुबळीत देशपांडे नगरात, विद्यानगरात, कुठेही हा विषय निघाला की ‘आमच्या हुबळीचा माणूस’ हे वाक्य यायचेच. कुरुंदवाडचा धागा धरून कोल्हापूरकरही आपला हक्क सांगतात. अभिमानात वावगे काही नाही. पण अभिमान कशाचा, हे एकदा नीट पाहायला हवे. झेडटीएफ ज्या दुर्बिणीवर चालते, ती ४८ इंची दुर्बीण १९४८ सालची आहे. आजच्या मापाने ती लहानच म्हणायची. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी तिच्यापेक्षा मोठी दुर्बीण बांधली नाही. त्यांनी जुन्या दुर्बिणीला असा कॅमेरा बसवला की एका फोटोत आकाशाचा ४७ चौरस अंशांचा तुकडा, पौर्णिमेचे दोनशेहून जास्त चंद्र मावतील एवढा, यावा. या कॅमेऱ्याने उत्तरेचे सगळे दृश्य आकाश दोन-तीन रात्रींत एकदा पालथे घालता येते. मग पुन्हा पहिल्यापासून. वर्षानुवर्षे तेच. खोल पाहण्यापेक्षा पुन्हा पुन्हा पाहणे मोलाचे, हा त्यामागचा निर्णय होता. हुबळीने अभिमान बाळगावा तो या निर्णयाचा.

पहाऱ्याचे काम जवळून पाहिले तर त्यात नाट्य फारसे नाही. आजच्या फोटोतून त्याच भागाचा जुना संदर्भ-फोटो वजा करायचा. जे होते ते तसेच असेल तर उत्तर शून्य. शून्य नसेल तिथे ठिपका उरतो. अशा लाखो ठिपक्यांच्या सूचना एका रात्रीत निघतात. त्यांत लघुग्रह असतात, रूप बदलणारे तारे असतात, नवतारे आणि अतिनवतारे असतात, आणि कॅमेऱ्याच्या खोड्याही असतात. संगणक बहुतेक कचरा गाळतो. ठिपका दीर्घिकेच्या बरोबर मध्यावर आहे का, त्याचा निळसर रंग आठवडेन् आठवडे टिकतो आहे का, ओघ आटण्याची गती हिशेबाप्रमाणे आहे का, हे पाहत पाहत माणूस ताऱ्यापर्यंत पोहोचतो. अतिनवतारा जसजसे दिवस जातील तसा थंड होत तांबूस होतो. फाटलेल्या ताऱ्याची झळाळी तापलेलीच राहते.

११ फेब्रुवारी २०२२ रोजी झेडटीएफच्या वजाबाकीत असा एक ठिपका उरला जो कुठल्याच साच्यात बसेना. भराभर उजळला, भराभर मावळू लागला, आणि त्याच्या जागी आधी एकही दीर्घिका नोंदलेली नव्हती. पहिला संशय गॅमा किरणांच्या स्फोटाचा होता. ठिपक्याचे नाव पडले एटी२०२२सीएमसी. इथे पहाऱ्याची दुसरी गरज पुढे येते. पालोमारला पहाट झाली की दुर्बिणीचे छप्पर मिटते, आणि झपाट्याने मावळणाऱ्या वस्तूला बारा तास थांबायला सवड नसते. रेखांशाच्या हिशेबाने पालोमारच्या जवळजवळ विरुद्ध बाजूला, पृथ्वीच्या पाठीवर, लडाखमधले हानले आहे. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटर उंचीवर तिथे मुंबईची आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था मिळून ग्रोथ-इंडिया ही दुर्बीण चालवतात. तिचा आरसा फक्त ७० सेंटिमीटरचा. अमेरिकेत दिवस उजाडताना तिथे अंधार पडतो, आणि तिने हा ठिपका टिपत ठेवला. रेडिओ लहरींवर नजर ठेवणाऱ्यांत जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी होती: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची, नारायणगावच्या द्राक्षमळ्यांच्या शेजारची. युरोपच्या चिलीतल्या महादुर्बिणीने वर्णपट घेतला तेव्हा अंतर कळले. तो प्रकाश साडेआठ अब्ज वर्षांपूर्वी निघाला होता. पृथ्वी तेव्हा जन्मायची होती.

नोव्हेंबर २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक तारा कृष्णविवराच्या हद्दीत शिरून फाटला होता आणि त्याच्या ऐवजातून विवराने जवळजवळ प्रकाशाच्या वेगाचा झोत बाहेर सोडला होता, नेमका आपल्या रोखाने. अशा झोताची घटना या आधी २०११ मध्ये क्ष-किरणांत पकडली गेली होती. दृश्य प्रकाशातल्या पाहणीत सापडलेली ही पहिलीच. शोधनिबंधाच्या लेखकांत मुंबई आयआयटीचे वरुण भालेराव आणि त्यांचे विद्यार्थी होते. सत्तर सेंटिमीटरच्या आरशाला हे स्थान मिळाले ते त्याच्या आकारामुळे नव्हे. तो योग्य रेखांशावर होता आणि त्या रात्री चालू होता.

साक्ष काही महिन्यांत संपते असे मी वर म्हटले. तिचा दुसरा अंक वर्षांनी येऊ शकतो, हेही आता कळले आहे. २०१९ मध्ये झेडटीएफच्या नजरेत आलेला एटी२०१९क्यूआयझेड हा फाटलेला तारा साडेएकवीस कोटी प्रकाशवर्षांवरचा, म्हणजे या विषयाच्या मानाने शेजारचा. सूर्याएवढा तारा, १० लाख सूर्यांच्या आसपासचे विवर. २०२० मध्ये तो विझत गेला. पुढे कुणी पुन्हा पाहिलेच नसते तर प्रकरण मिटले होते. पण पाहिले, आणि त्याच जागेतून साधारण दर ४८ तासांनी क्ष-किरणांचा उद्रेक होत असल्याचे दिसले. मेलेल्या ताऱ्याच्या ऐवजाची चकती पसरत पसरत तिथे आधीपासून फिरणाऱ्या दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या किंवा लहान विवराच्या कक्षेपर्यंत पोहोचली असावी, आणि तो प्रत्येक फेरीत तिच्यातून आरपार जात असावा, असा याचा अर्थ लावला गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये हे निष्कर्ष आले. त्यांत अमेरिकेच्या चंद्रा आणि हबल दुर्बिणींच्या जोडीने भारताच्या ॲस्ट्रोसॅटची निरीक्षणे होती. सप्टेंबर २०१५ मध्ये उडालेला हा उपग्रह. त्याच्यावरची मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली आणि निबंधाच्या लेखकांत पुण्याच्या आयुकाचे संशोधकही होते. उपग्रह उडाला त्या दिवशी टाळ्या वाजल्या. त्यानंतर नऊ वर्षे तो चालू ठेवणाऱ्यांसाठी टाळ्या वाजल्याचे कुणाला आठवत नाही. फळ मात्र त्या नऊ वर्षांचे आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा: अब्जावधी वर्षांपूर्वी मेलेल्या ताऱ्याचे पंचनामे करून इथल्या माणसाला काय मिळणार? याला उत्तर म्हणून वैद्यकीय यंत्रे, मोबाइलचे कॅमेरे अशी यादी वाचण्याची पद्धत आहे. मला ती यादी लबाडीची वाटते. कृष्णविवर पाहणाऱ्याला कृष्णविवरच पाहायचे असते. कॅमेरा सुधारला तर तो वरकड लाभ. सरळ उत्तर हे की जगात काय आहे हे जाणून घेणे ही माणसाची गरज आहे, आणि ती भागवायला लागणारा खर्च आपण इतर ज्या गोष्टींवर उधळतो त्यांच्या तुलनेत नगण्य आहे. सत्तर सेंटिमीटरच्या दुर्बिणीला दिपून जायला नको आणि तिच्या खर्चाला घाबरायलाही नको.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. यंत्रेच जर वजाबाकी करतात, यंत्रेच गाळतात, तर माणसाच्या जागरणाचे एवढे कौतुक कशाला? चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपली पहिली छायाचित्रे दाखवली. तिचा आरसा ८.४ मीटरचा, कॅमेरा ३२०० मेगापिक्सेलचा, आणि दहा वर्षांच्या पाहणीत फाटणारे तारे हजारांनी सापडतील अशी अपेक्षा आहे. आक्षेप रास्त आहे, पण त्यातून निघतो तो उलटा निष्कर्ष. सूचना लाखांनी येऊ लागल्या की त्यांतल्या मोजक्यांचा पाठपुरावाच होऊ शकेल. पाठपुराव्याला लागतात वेगवेगळ्या रेखांशांवरच्या लहान दुर्बिणी आणि कुठली सूचना सोडू नये हे कळणारी शिकलेली माणसे. एटी२०२२सीएमसी साच्यात बसत नव्हता म्हणूनच महत्त्वाचा ठरला, आणि साच्यात न बसणारे ओळखायला आधी साचा अंगात मुरलेला लागतो. स्पेनच्या कॅनरी बेटांपासून ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात चांगल्या जागा मोजक्याच आहेत. त्या पट्ट्याच्या मधोमध भारत आहे. निसर्गाने दिलेला हा रेखांश वापरायचा की तसाच पडू द्यायचा, एवढाच प्रश्न आहे.

मराठी वाचकाची अडचण वेगळी आहे. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि ती पहिली आली. तेव्हापासून कृष्णविवर आपल्या ओळखीचे झाले, पण ते एक गूढ म्हणून. पन्नास वर्षांत हा विषय गूढातून निघून रोजच्या नोंदवहीत आला. आपले त्याच्याबद्दलचे लिखाण अजून गूढापाशीच रेंगाळते आहे. विवराच्या आत काय असेल यावर आपण पानेच्या पाने लिहितो. विवराच्या बाहेर, उघड्यावर, मोजता येण्याजोगे काय घडते त्यावर परिच्छेदही नाही. आतले कुणाला दिसणार नाही. बाहेरचे रोज रात्री दिसते आहे.

हुबळी-धारवाडला हे पटवायला खरे तर फार बोलावे लागू नये. देशपांडे नगरात गायिका गंगूबाई हनगल यांचे घर आहे आणि सवाई गंधर्वांच्या नावाचे सभागृहही. सवाई गंधर्वांकडे शिकायला गंगूबाई हुबळीहून कुंदगोळला आगगाडीने जात, आणि गुरूंची पुण्यतिथी कुंदगोळच्या नाडिगेर वाड्यात दशकानुदशके संगीताने साजरी होत आली. या गावाचे गाणे एका गळ्याच्या बळावर टिकले नाही. शिकवणारे होते, ये-जा करणारे होते, वाडा उघडा ठेवणारे होते, म्हणून टिकले. विज्ञानाच्या बाबतीत मात्र आपण गळ्याचेच कौतुक करतो आणि वाडा बंद ठेवतो. गावातून एक कुलकर्णी कॅलटेकला गेला हे आपण सांगतो. गावात राहून तेच काम करता येईल अशी एक खोली, एक दुर्बीण, एक नोकरी का नाही, हे विचारत नाही. कुलकर्णींना जायला लागले तेव्हा पर्याय नव्हता. आज आहे. झेडटीएफच्या सार्वजनिक पाहणीच्या सूचना जगभर खुल्या आहेत. जीएमआरटीचा वेळ कुठल्याही संशोधकाला प्रस्ताव पाठवून मागता येतो. धारवाडला १९४९ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ आहे आणि २०१६ पासून आयआयटी.

तेव्हा हुबळी-धारवाडच्या भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना एक विनंती. श्रीनिवास कुलकर्णींच्या सत्काराचा पुढचा कार्यक्रम ठरेल तेव्हा ठरू द्या. त्याआधी पदवीच्या शेवटच्या वर्षाला चार-पाच विद्यार्थ्यांचा एक गट करा, त्यांना झेडटीएफच्या सूचना उघडून द्या, दीर्घिकेच्या मध्यावरचे निळसर, न निवणारे ठिपके वेगळे काढायला लावा, आणि तो गट दर वर्षी नव्या मुलांकडे सोपवा. पहिल्या वर्षी काही सापडणार नाही, दुसऱ्या वर्षीही कदाचित नाही. काम बंद करू नका. सूचना रोज रात्री येतात, आणि त्या पाहायला पैसे पडत नाहीत.